अर्थ सांगा, मग कात्री

नागपूरच्या इंदोऱ्यात सिंधूताई मेश्राम यांच्याकडं झेंडा शिवायला टाकायचा म्हणजे आधी तोंडी परीक्षा द्यावी लागे. गिऱ्हाइकानं कापड आणावं, माप सांगावं, घाई आहे म्हणून हात जोडावेत, सिंधूताई सगळं ऐकून घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कोणत्या रंगाचा काय अर्थ हाय?" उत्तर आलं तर ते एका दोनशे पानी वहीत लिहिलं जाई. नाही आलं तर कापड परत. "अर्थ सांगा, मग कात्री," एवढंच त्या म्हणत आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळत. पुढचं गिऱ्हाईक नसलं तरी वळत.

हा नियम काही जन्मापासूनचा नव्हता. सन एकसष्टात एकाच गल्लीतल्या दोन आखाड्यांनी आठ दिवसांच्या अंतरानं त्यांच्याकडून झेंडे शिवून नेले. दोन्ही तांबडे, मधे पांढरा पट्टा. सिंधूताईंना वाटलं, पहिला फाटला असेल. मिरवणुकीत दोन्ही आखाडे समोरासमोर आले, "आमचा झेंडा चोरला" म्हणून लाठ्या चालल्या आणि दुसऱ्या दिवशी डोकी फुटलेले सातजण फैसला मागायला सिंधूताईंच्या दारात हजर. त्यांनी साधंच विचारलं, बाबांनो, तांबडा म्हणजे काय आणि पांढरा म्हणजे काय? सातांपैकी एकालाही सांगता येईना. डोक्याला टाके पडले होते, अर्थ मात्र कोणाला ठाऊक नव्हता. त्याच दिवशी वही आली.

वहीत नाना तऱ्हा होत्या. वाडीच्या गोदामांतले हमाल युनियनचा झेंडा शिवायला आले, ते म्हणाले, लाल म्हणजे आमचं रक्त आणि पांढरा म्हणजे आमचा घाम. पास झाले. एका फुटबॉल क्लबची पोरं निळं-पिवळं कापड घेऊन आली आणि अर्थ विचारल्यावर म्हणाली, "ताई, हेच घरी पडून होतं." त्यांना वाटेला लावलं. आठवड्यानं ती परत आली: निळं आभाळ, पिवळं मैदान. "मैदान पिवळं काहून?" "उन्हाळ्यात गवत कुठं राहते ताई?" हे सिंधूताईंना पटलं. खोटं बोलणाऱ्याचं त्या शिवत नसत, पण विचार करून बोलणाऱ्याला सूट होती.

त्यांचं मुख्य काम अर्थातच पंचशील ध्वजाचं. छप्पन साली दसऱ्याला, दोन वर्षांच्या रविंद्रला कडेवर घेऊन, त्या आणि त्यांचे यजमान देवाजी लाखो माणसांत उभे राहून बौद्ध झाले होते. नंतर विहारातल्या वर्गात जाऊन त्या अक्षरं शिकल्या. पहिलं सलग वाचलं ते झेंड्याच्या रंगांबद्दलच: निळा म्हणजे करुणा, पिवळा म्हणजे मध्यम मार्ग, लाल म्हणजे आचरणातलं मंगल, पांढरा म्हणजे शुद्धता आणि केशरी म्हणजे प्रज्ञा. रंगाला अर्थ असतो आणि तो आपल्यालाही वाचता येतो, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की ते पंचवीस वर्षं उतरलं नाही. अडुसष्टात देवाजी गेले. त्यानंतर झेंड्यांवरच घर चाललं, आणि झेंड्यांवरच रविंद्र इंजिनियर झाला, स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेला गेला. वस्तीतला तो पहिलाच. त्याला स्टेशनवर सोडायला इतकी माणसं गेली होती की गार्डानं विचारलं, कोण मंत्री आहेत?

या रविंद्रचं एक्क्याऐंशीच्या जानेवारीत पत्र आलं. तो सान फ्रान्सिस्कोला नोकरीला होता. आई, एक झेंडा शिवून पाठव. तीन फूट बाय पाच फूट, सहा आडव्या पट्ट्या, वरून खाली लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. इथं छापील मिळतात, पण माझी आई झेंडे शिवते असं मी मित्रांना सांगून बसलोय. जूनमध्ये मिरवणूक आहे.

बस्स. अर्थाचा पत्ता नाही.

दुसऱ्या एखाद्या आईनं हातातलं काम बाजूला सारून त्याच दिवशी कापड कापलं असतं. सिंधूताईंनी हवाईपत्र आणलं आणि लिहिलं, "अर्थ कळव. पोराले एक नियम आणि लोकाइले दुसरा, असं आपल्यात नाही."

महिन्याभरानं उत्तर आलं. लाल म्हणजे जीवन, नारिंगी म्हणजे दुखणं बरं होणं, पिवळा म्हणजे ऊन, हिरवा म्हणजे निसर्ग, निळा म्हणजे शांती, जांभळा म्हणजे आत्मा. खाली सहज म्हणून लिहिलं होतं की सुरुवातीला रंग आठ होते. सगळ्यांत वर भडक गुलाबी होता, पण तेवढं कापड बाजारात मिळेना म्हणून काढला. मग सात उरले, ते मिरवणुकीत रस्त्याच्या दोन बाजूंना सारखे वाटता येईनात, म्हणून निळसर-हिरवा फिरोजीही काढला.

सिंधूताईंनी हे दोनदा वाचलं आणि त्यांचा पारा चढला. आत्म्याचं त्यांनी नंतर बघू म्हणून बाजूला ठेवलं. आत्मा मानायचा नाही हे त्यांनी पोराला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. पण कापड मिळालं नाही म्हणून रंग काढला? पांढरं कापड संपलं म्हणून त्यांनी कधी पंचशील चार रंगांत उरकला होता काय? त्या तशाच उठल्या आणि गांधीबागेत गिरिधरशेठच्या दुकानात गेल्या. गिरिधरशेठ झेंड्याच्या कापडाचे जुने व्यापारी.

"राणी कलर हाय का गा, पॉपलिनमधे?"

"कितने मीटर पाहिजे? पूरा ताका काढू का?"

"अमेरिकेत भेटत नाही म्हणते."

"तिकडं काहीच भेटत नाही," गिरिधरशेठ म्हणाले. ते कामठीच्या पलीकडं कधी गेले नव्हते. "म्हणून तर सगळे इकडं येतात."

सिंधूताईंनी आठही रंगांचं कापड घेतलं. घेतलं, पण कात्री लावली नाही. कारण अर्थ वाचून त्यांना दुसरंच काही खटकत होतं. जीवन, ऊन, झाडं, शांती. हे तर सगळ्यांचंच. असा झेंडा कोण कशाला उचलेल? रक्त आणि घाम म्हटलं की हमाल डोळ्यांसमोर येतो. या सहा रंगांत माणूसच दिसेना. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवा झेंडा, नवे रंग, आत्मा, मिरवणूक. पोरानं धर्म बदलला.

त्यांचे थोरले भाऊ रुपराव जवळच, बेझनबागेत राहत. त्यांनाही हे तंतोतंत पटलं. ज्या घरानं एकदा धर्म बदललाय त्या घराला नवा झेंडा दिसला की दुसरं काही सुचतच नाही. "कोणत्या तरी महाराजाच्या नादी लागला," रुपराव म्हणाले. "गोऱ्याइले आजकाल महाराज लय आवडतात. लग्न करून टाक त्याचं, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल." मुलगी त्यांच्याकडं तयारच होती. उमरेडच्या मास्तरांची उत्तरा, बी.ए. झालेली, शांत. मास्तरांनी दुसरी दोन स्थळं थांबवून ठेवली होती.

सिंधूताईंनी दुसरं पत्र लिहिलं आणि त्यात तिचा फोटो घातला. "तू दुसरा धर्म घेतला काय? घेतला असशील तर लपवू नको. आपणही घेतला होता, लाखो लोकाइसमोर घेतला. तुले लाज कायची वाटते? फक्त मले इचारून घेतला असता तर बरं वाटलं असतं. हे सगळ्याइचे अर्थ झाले, झेंडा कोणाचा ते लिही. आणि गुलाबीचा अर्थ काहून नाही लिहिला? मुलीचा फोटो पाठवून राहिली. हो का नाही ते कळव, लोक थांबले हायत."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. या वेळी हवाईपत्र नव्हतं, पाकीट होतं, आणि जड होतं. सिंधूताईंनी ते मशीनवर बसूनच उघडलं. उन्हानं छपराचे पत्रे तापले होते, बाहेर पंचफुला शेजारीण शेवयांसारखे सरगुंडे वाळत घालत होती.

"आई," रविंद्रनं लिहिलं होतं, "मी धर्म बदलला नाही. मी काहीच बदललेलं नाही, मी पहिल्यापासून असाच आहे. पत्रात ज्याला मी खोलीवरचा मित्र लिहितो तो डॅनियल, त्याच्याबरोबर मी राहतो. चार वर्षं झाली. नवरा-बायको राहतात तसे राहतो. मित्र लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. पुरुषाला जीव लावणारे पुरुष आणि बाईला जीव लावणाऱ्या बायका, असे जे आम्ही आहोत, त्यांचा हा झेंडा. इतकी वर्षं लोकांनी आम्हांला रोग म्हटलं, पाप म्हटलं, म्हणून आम्ही जीवन आणि ऊन म्हणतो. गुलाबीचा अर्थ शरीराचं प्रेम. तुला लिहायची लाज वाटली म्हणून गाळला होता. फिरोजीचा अर्थ जादू, किंवा कला. मुलीचा फोटो परत पाठवतोय, तिला थांबवू नका. आता तूच सांग, दसऱ्याला घरी येऊ की नको. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही, आणि रागही धरणार नाही."

पाकिटात त्या मुलीचा, उत्तराचा, फोटो होता.

सिंधूताईंनी पत्र घडी करून वहीत ठेवलं. मग अर्धवट राहिलेली एका भजनी मंडळाची पताका पूर्ण केली. ती उलटी शिवली गेली, उसवून परत शिवली, परत उलटी झाली. पंचफुलानं दारातून विचारलं, "काय म्हणते वं रविंद्र?" तर म्हणाल्या, "बरा हाय." संध्याकाळी भाकरी टाकली आणि खाल्ली नाही.

दोन दिवस त्यांना स्वतःचीच चीड आली, पोराची आली, त्या डॅनियलची तर फारच आली. नावाशिवाय त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, त्यामुळं राग धरायला सोपा होता. लोक काय म्हणतील, हा विचार आला. देवाजी असते तर काय म्हणाले असते, हाही आला, आणि देवाजी काहीच म्हणाले नसते हेही आठवलं. ते बोलतच कमी. घरी येऊ नको म्हणावं, असं दोन दिवसांत निदान चार वेळा मनाशी ठरलं. सोपं होतं. अमेरिका लांब आहे, माणूस न येण्याला कारण लागत नाही.

तिसऱ्या दिवशी त्या रुपरावांकडं गेल्या. उमरेडच्या मुलीला ताटकळत ठेवणं बरोबर नव्हतं.

रुपराव चहा पीत होते. "काय म्हणते पोरगा? पसंत हाय?"

"त्याचं जमलं हाय भाऊ. चार वर्षं झाली."

रुपरावांनी बशी खाली ठेवली. "गोरी हाय काय?"

"गोरा हाय."

रुपरावांना कमी ऐकू येत नव्हतं. त्यांनी बशी उचलली, उरलेला चहा संपवला, मिशा पुसल्या. मग सिंधूताईंनी जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. जीवन आणि ऊनसुद्धा सांगितलं.

"आणखी कोणाले बोलली?"

"तुलेच सांगून राहिली."

"मग इथंच थांब. उमरेडले मी कळवतो, नोकरीचं कारण सांगतो." रुपराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "हे पाय सिंधू, पोरगा हुशार हाय, आपलाच हाय. तिकडं त्याले काय करायचं ते करू दे. फक्त इकडं येऊ नको म्हण. लोकाइले सांगू, सुट्टी भेटत नाही. वस्तीत मान हाय आपल्याले."

नेमकं हेच सिंधूताईंनी चार वेळा ठरवलं होतं. स्वतःच्या मनात ते शहाणपणाचं वाटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते ओळखीचं वाटलं, आणि कुठं ऐकलं होतं तेही आठवलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "बाबानं तुले हेच म्हटलं होतं."

छप्पन साली रुपरावांनी दीक्षा घेतली तेव्हा या दोघांचे वडील भिवापूरकडच्या गावात होते, आणि त्यांनी घेतली नव्हती. त्यांनी निरोप धाडला की नागपुरात काय व्हायचं ते हो, या घरात पाय ठेवू नको, गावात आम्हांला राहायचंय. सिंधूताईंचं निराळं, मुलगी सासरची, तिचा धर्म सासरचा, म्हणून तिला येणंजाणं होतं. रुपराव दीड वर्ष गेले नाहीत. अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात आई आजारी पडली ती उठलीच नाही.

"तिच्यापाशी मी होतो," रुपराव म्हणाले. कशाला म्हणाले कोणास ठाऊक.

"तू नव्हता. मी होती. नऊ दिवस ती दाराकडं पाहून इचारत होती, रुप्या आला काय. बाबा म्हणे, त्याले सुट्टी भेटत नाही. तुले तर कळलंच तिसऱ्या दिवशी, माती झाल्यावर."

रुपराव साठीचे होते, महापालिकेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, चारचौघांत भाषण करणारे. ते खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागले. सिंधूताईंनी त्यांना रडू दिलं. पाणी दिलं नाही की समजूत काढली नाही. स्वतःचंच त्यांना पुष्कळ झालं होतं. मग त्या घरी आल्या आणि वही उघडली.

नव्या पानावर त्यांनी वर रविंद्रचं नाव लिहिलं आणि खाली एकेक रंग. गुलाबी: शरीर. इथं पेन थोडं थांबलं, पण पुढं गेलं. लाल: जीवन. नारिंगी: दुखणं बरं होणं. पिवळा: ऊन. हिरवा: झाडझाडोरा. फिरोजीपुढं जादू लिहून खोडलं आणि कला लिहिलं. निळा: शांती. जांभळ्यापुढचा आत्मा त्यांनी लिहिलाच नाही. बराच विचार करून तिथं मन घातलं. मग कात्री घेतली.

आठ पट्ट्या, एकेक साडेचार इंच, वर-खाली अर्धा इंच दुमडीला सोडून. दुहेरी शिलाई. काठी लागते त्या बाजूला दोरीसाठी जाड पांढरी पट्टी. तीन दुपारी लागल्या. पंचफुला येऊन बघून गेली, म्हणाली, "लय नामी दिसते वं, कोणाचा?" सिंधूताईंनी मशीन थांबवलं. पंचफुला तोंडाची फाटकी होती, तिला सांगितलेलं पाण्याच्या टाकीपर्यंत अर्ध्या तासात पोचत असे. हे सिंधूताईंना चांगलं ठाऊक होतं.

"रविंद्रचा," त्या म्हणाल्या. "बस, सांगते तुले." आणि सांगितलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पार्सल गेलं. झेंड्याच्या घडीत हे पत्र होतं:

"चि. रविंद्रास आईचा सप्रेम जयभीम. झेंडा पाठवून राहिली. सहा नाही, आठ पट्ट्या हायत. कापड भेटत नाही हे कारण दुकानदाराचं असते, झेंड्याचं नाही. तुझ्या लोकाइले सांग, पुन्हा लागलं तर गांधीबागेत ताक्यानं भेटते. गुलाबी वर हाय. पहिल्या धुण्यात लाल रंग उतरेल, मिठाच्या पाण्यात भिजव. आत्मा आपल्यात नाही, तिथं मी मन लिहिलं. जादूही खोडली. बाकी अर्थ ठीक हायत.

उमरेडच्या मुलीले नकार कळवला. मामाले सांगितलं, ते रडले, आता बरे हायत. वस्तीत दोन-चार लोक बोलून राहिले. बोलू दे. मले दोन रात्री झोप नाही आली, ते तुले ठाऊक असावं म्हणून लिहिलं. अजूनही सगळं समजलं असं नाही. येऊ की नको असं आईले पुन्हा इचारू नको, त्याचा मले जास्त राग आला.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी ये, काम लय राहते. डॅनियल येत असेल तर त्याचं माप पाठव. छाती, खांदा, बाही, उंची. इंचात लिही. दीक्षाभूमीवर जायले घरच्या सगळ्याइचे पांढरे कपडे मी एकाच ताक्यातून कापते, मागून जोडलेलं कापड पाण्यात पडलं की निराळं दिसते."